खालचा फ्रीज

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे, खिडकीशी, तिची खुर्ची आहे. तिला सगळे रफूताई म्हणतात. सिगारेटनं जळलेलं, कसरीनं खाल्लेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं, सगळं तिच्यापुढे येतं. रफूसाठी ती धागा बाहेरून आणत नाही. ज्या कपड्याला भोक, त्याच्याच आतल्या दुमडीतून धागा ओढायचा आणि भोक भरायचं, म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. पंचवीस वर्षं हेच केल्यावर हाताला तशी सवय लागते, आणि डोक्यालाही.

एक्कावन्नाव्या वर्षी ती भावाच्या घरातून बाहेर पडली. भांडण असं काही झालं नाही. आई गेल्यावर वहिनी पाहुण्यांना ‘या आमच्याकडेच असतात’ असं सांगायला लागली, एवढंच. भाऊ म्हणाला, “वर्षभर राहून दाखव. बिलं यायला लागली की आपोआप परत येशील.” ते वाक्य तिनं भांड्यांबरोबर बांधून आणलं.

खोली मिळाली ती एका दुमजली घरात, वरच्या मजल्यावर. खाली मालकीणबाई एकट्याच, सत्तरीच्या, गोड बोलणाऱ्या. एक खोली, ओटा, न्हाणीघर. रिळं ठेवायच्या पत्र्याच्या डब्याला सहा कप्पे होते. त्यांत तिनं चिठ्ठ्या टाकल्या: भाडं, लाइट, पाणी, गॅस, औषधं, चष्मा. पगार झाला की त्या संध्याकाळी कप्पे भरायचे आणि महिनाभर इकडचं तिकडे काहीही होऊ द्यायचं नाही. चष्म्याचा कप्पा तिच्या जिवाचा. काळ्या कोटावरचा काळा धागा तिला आता बोटांनी चाचपावा लागत होता, आणि रफूवालीचे डोळे गेले की खुर्चीही जाते.

भाड्याचं नि गॅसचं गणित बसलं. बसेना ते लाइटचं. दोन दिवे आणि एक पंखा, पण बिल यायचं भावाच्या चार माणसांच्या घराएवढं. एकटीनं राहायची सवय नाही, आपलाच हात सैल, असं तिला वाटलं. तिनं एक दिवा काढून ठेवला. फोन दुकानात चार्ज करू लागली. पंखा पाहुणा आला तरच, आणि पाहुणे येत नव्हते. उजेड आहे तोवर खिडकीशी बसून जेवून घ्यायची. बिल हललं ते चिमटीएवढं. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मीटर जुनं आहे, जरा पळतं. शिवाय एकट्या बाईनं हात आखडता ठेवलेला बरा.

मग दर महिन्याला कमी पडेल ते ती चष्म्याच्या कप्प्यातून काढू लागली. भोक पडलं की आतल्या दुमडीतून धागा. भोक पाडतंय कोण, हे बघावं असं तिच्या मनातही आलं नाही.

अकराव्या महिन्यात वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि भावानं दोन दिवसांसाठी बोलावलं. निघताना तिनं खोलीतला मेन स्विच बंद केला आणि कुलूप लावलं. दोन दिवस तरी आकडा जागचा हलणार नाही, या कल्पनेनंच ती रस्ताभर खूश होती. भावाकडे तिच्या कोपऱ्यात आता व्यायामाचं, चालायचं यंत्र होतं आणि त्यावर टॉवेल वाळत होते. भावानं विचारलं, जमतंय का बिलांचं? मजेत, असं म्हणून तिनं वहिनीला जेवण वाढलं.

परत आली तेव्हा मालकीणबाई पायरीवर उभ्या होत्या.

“मेन बंद करून गेलीस? सांगून तरी जायचंस. माझा अख्खा फ्रीज नासला. दूध, भाज्या, गुडघ्याची इंजेक्शनं...”

बोलता बोलता त्या थांबल्या. रफूताईच्या हातात पिशवी तशीच राहिली.

“तुमचा फ्रीज माझ्या मीटरवर आहे?”

वायरमननं पूर्वी कधीतरी तसं जोडलं होतं, आपल्याला यातलं काय कळतं, असं मालकीणबाईंचं म्हणणं पडलं. वायर बदलायची तर भिंत फोडावी लागेल. अर्धं बिल द्या, असं रफूताई म्हणाली. त्यावर त्यांनी पदर सावरला आणि पुतणी जास्त भाडं देऊन खोली मागतेय हे सहज सांगितलं.

“परवडत नसेल तर सांग, बाळ. मी काही तुला अडवून ठेवणार नाही.”

अठरा पायऱ्या चढेस्तोवर तिचा हिशेब झाला. दुसरी खोली म्हणजे तीन महिन्यांचं डिपॉझिट, टेम्पो, एजंट. एवढे पैसे ज्याच्याकडे मागावेत असं एकच माणूस होतं. भाऊ नाही म्हणाला नसता. नुसता हसला असता, आणि वहिनीनं तिच्या अंथरुणापुरतं ते यंत्र हातभर सरकवलं असतं.

तिनं मेन चालू केला. खाली फ्रीज गुरगुरला. तिनं डबा उघडला, चष्म्याची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि त्यावर ‘खालचा फ्रीज’ असं लिहून परत ठेवली.

संध्याकाळी मालकीणबाई धापा टाकत वर आल्या, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. हातात गार पाण्याची बाटली होती.

“घे. लागेल तेव्हा मागत जा. लाजू नकोस, फ्रीज आपलाच समज.”

तिनं बाटली घेतली.

हल्ली कामावर जाताना ती खालच्या दारात दोन रिकाम्या बाटल्या ठेवते आणि येताना भरलेल्या उचलते. तहान असो वा नसो, थंडीच्या दिवसांतही. कोट मात्र अजून हातभर लांब धरूनच बघावा लागतो.