सोलांजसाठी घातलेली पायवाट

रोझेर द्युफूरच्या पायाला भिंगरी होती. शिकुतिमीतलं निम्मं गाव त्याने बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून चालायचं, आणि त्याच्या स्वतःच्या दारापुढे मात्र खडी आणि तिच्यावर टाकलेल्या फळ्या. पुढच्या वर्षी करू, असं तो दर वर्षी म्हणायचा. या वर्षी त्याची बायको सोलांज त्याच फळीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला.

शस्त्रक्रियेनंतर सोलांजने त्याला तोंडावरच सांगितलं, "माझं मला चालता येईल अशी वाट दारापर्यंत असेल तर घरी येईन. नाहीतर उगेतकडे जाते. हिवाळा तिथेच काढीन." उगेत म्हणजे तिची धाकटी बहीण, नदीपलीकडे राहणारी. सोलांज धमक्या देणाऱ्यातली नव्हती, बोलायची ते करायची.

खणणं, खडी दाबणं, ठोकळे बसवणं यात त्याला काहीच कठीण नव्हतं; तेवढं त्याने चटकन उरकलंही. खरी गोम फटींत भरायच्या वाळूत होती. साधी बारीक वाळू भरली तर वसंतात बर्फ वितळताना ती वाहून जाते, उरलेली मुंग्या उकरतात. दगडाची भुकटी पाणी धरून ठेवते. ते गोठलं की ठोकळे वर उचलले जातात. म्हणून त्याने जाड दाण्याची, गोंद मिसळलेली वाळू आणली. पाणी शिंपडलं की ती घट्ट बसते, आणि जमीन थंडीने फुगली तरी थोडी वाकून घेते. पण तिचे नखरे जावयासारखे. दगड ठणठणीत कोरडे हवेत, वर सांडलेला कण न् कण फुंकून काढायला हवा, मग हलक्या फवाऱ्याने पाणी, आणि त्यानंतर एक-दोन रात्री हिमकण पडता कामा नयेत. एवढं सगळं ऑक्टोबरात शिकुतिमीने कुणाला एकदम दिलंय?

आठवडाभर पाऊस. रोझेर खिडकीशी जायचा, बाहेर जाऊन ठोकळ्यांना हात लावायचा, परत यायचा. वाटाण्याचं सूप उभ्याउभ्याच प्यायचा. दवाखान्यातही अंगातलं जाकीट न काढता पलंगाशी उभा राहून दोन वाक्यं बोलायचा आणि आभाळ बघायला पळायचा. शनिवारी सोलांजला सोडणार होते.

शेवटी त्याने हिवाळ्यात गाडीवर घालायचा ताडपत्रीचा तंबू काढला आणि पायवाटेवर उभा केला. तिकडे हे तंबू घरोघरी असतात, पण पालिकेने ठरवलेल्या तारखेआधी लावायचे नसतात. शेजारचा लेओपोल कुंपणावर रेलून म्हणाला, "वाटेला सर्दी झाली काय रे? अजून तारीख यायचीय. पालिकेचा माणूस येईल."

"येऊ दे. त्याच्याच हातात झाडू देतो."

शुक्रवारी ऊन पडलं आणि दुपार कलताना दगड सुकले. लेओपोलने सुचवलं की उद्या सकाळीच सुरुवात कर, म्हणजे सगळं एका दमात होईल. हेच रोझेर स्वतः दुसऱ्यांना सांगत आला होता. पण त्याचे हात शिवशिवत होते. वर तंबू आहे, आभाळातून पडून पडून काय पडणार, असं म्हणून त्याने पोती फोडली. वाळू झाडूने फटींत लोटली, यंत्राने दाबून बसवली. बर्फाच्या फावड्याने उखडू नये म्हणून कडेपासून किंचित खालीच ठेवली. काम नेटकं झालं, पण तोवर अंधार पडला आणि वरची धूळ दिसेनाशी झाली. सकाळी ती फुंकून पाणी मारू, असं ठरवून तो आत गेला.

रात्री थंडी उतरली. ओल्या जमिनीतली वाफ ताडपत्रीला आतून चिकटली, आणि उजाडायच्या आधी तिथून थेंब गळू लागले. रोझेर बाहेर आला तेव्हा न फुंकलेल्या धुळीतला गोंद भिजून ठोकळ्याठोकळ्यावर पांढरा थर बसला होता. त्याने फटीवर अंगठा दाबला. वरची खपली पापडासारखी मोडली, खाली सगळं भुसभुशीत. गरम पाण्याने घासून त्याचे हात लाल झाले, पण पांढरेपणा काही जाईना. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात उगेतची गाडी आली.

काम बिघडलं की रोझेर गिऱ्हाईकांपुढे हवामानाला शिव्या घालायचा. सोलांज वॉकर धरून उतरली आणि त्याला ते जमेना. "वाट झाली नाही," तो म्हणाला. "फटी वरून घट्ट आहेत, आतून पोकळ. वॉकर रुतेल. माझी घाई नडली. सगळं उकरून परत भरायला लागेल, आणि कोरडे दिवस कधी मिळतील कुणास ठाऊक."

उगेतने गाडीचं दार उघडंच ठेवलं.

सोलांजने त्या पांढऱ्या दगडांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी वाट कशाला मागितली, माहितीये तुला?"

"पडलीस म्हणून."

"पडले तेव्हा तू कुठे होतास? माझ्या पुढे. तू कायम पुढेच असतोस. तुझा हात धरून कुणाला चालता येत नाही रे. म्हणून मला एकटीची वाट हवी होती."

रोझेरने तिच्या शेजारी येऊन दंड पुढे केला. वाटेच्या कडेला गवत ओलं होतं, पण खालची जमीन टणक होती. सोलांजने थोडा विचार केला, वॉकर बहिणीकडे दिला, तिच्याकडून गाडीतली काठी घेतली आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला.

पहिलं पाऊल त्याने नेहमीसारखंच टाकलं. बाही ताणली गेली तसा तो थबकला. सोलांजचा पाय सावकाश उचलला गेला, सावकाश टेकला. रोझेरच्या अंगात मुंग्या धावत होत्या. शेजारची ती बिघडलेली वाट डोळ्यांना खुपत होती. वाकून आत्ताच उकरायला घ्यावं असं त्याला वाटत होतं.

"टाकू पुढचं?" त्याने विचारलं.

"थांब."

तो थांबला. मागे उगेतने डिकी उघडून सोलांजची बॅग बाहेर काढली.