शुक्रवारचा मोजा

माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला ‘तयार हो’ म्हटलेलं कळत नाही, यावर आमच्या सासरच्यांचं एकमत आहे. कळतं हो, चांगलं कळतं. डॉक्टरांनी नीट समजावलंय, मुलगी ऑटिस्टिक आहे, सुरुवात कुठून करायची आणि एक काम झालं की पुढचं कुठलं, तिथे तिचं अडतं. पण डॉक्टरांना काय कळतंय? कळतं ते खारबावच्या माझ्या थोरल्या नणंदेला. त्यांचं निदान एका शब्दाचं, लाड. दोन धपाटे घातले की मोजे आपोआप पायात चढतात म्हणे.

तरी रोजचं आमचं बरं चाललेलं. फक्त दर शुक्रवारी शाळेला उशीर. शुक्रवारी पहिला तास गणिताचा, म्हणून बया नाटकं करते, हे माझं थोर संशोधन.

नववीच्या परीक्षेआधी शाळेने बजावलं, आता उशीर झाला तर पेपरला बसवणार नाही. पहिलाच पेपर शुक्रवारी, पण भूगोलाचा. मी निर्धास्त. त्यातून दर शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणजे भिंतीपलीकडच्या कापड विणायच्या कारखान्याची खटखटही नाही. अशा मुलांना शांतता हवी, असं जो तो सांगतोच. मुक्कामाला आलेल्या नणंदबाईंना मी ऐटीत म्हटलं, बघा आज कशी पटापट आवरते.

आवरतेय कसली! एक मोजा पायात, एक हातात, आणि बाईसाहेब पलंगावर ढिम्म. मी गोडीने सांगितलं, मग ओरडले, मग रडकुंडीला आले. नणंदबाईंनी ‘मी म्हणत नव्हते’ हे चार तऱ्हांनी म्हणून घेतलं. शेवटी लेक भिंतीकडे बघत म्हणाली, “आवाज नाहीये.”

अगं बाई! म्हणजे रोज ही त्या खटखटीच्या तालावर आवरत होती, आणि मी कारखान्याच्या नावाने बोटं मोडत होते.

धावत जाऊन शिलाई मशीनवर बसले आणि पाय मारायला लागले. कापड नाही, दोरा नाही. नणंदबाईंना वाटलं, आता आईचंही डोकं गेलं. पण दुसरा मोजा चढला. मग गणवेश. वेणी घालायला मला उठावं लागणार होतं, आणि उठले की आवाज बंद. मी नणंदबाईंकडे पाहिलं. धपाटे सांगणारी ती बाई गुडघे धरत मशीनवर येऊन बसली.

वेणी झाली. त्या घाम पुसायला थांबल्या तशी लेक दारातून म्हणाली, “आत्या, थांबू नको. बूट राहिलेत.”

शाळेचं फाटक लागायच्या आत पोचलो. घरी परतले तर नणंदबाई गुडघ्यांना तेल चोळत बसलेल्या. लाडाचं नाव नाही. मला म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी पण पेपर आहे ना? मी थांबते तोवर.”