भागवतनानांच्या वर्गातली एकोणसाठ अक्षरे

मोठी-लहान धरून एकोणसाठ सागवानी अक्षरे, तीन उतरती मेजे आणि एक काळा फळा. रेल्वेतल्या सुतारकामातून निवृत्त झाल्यावर भागवतनानांनी या वस्तू स्वतःच्या हातांनी केल्या. मी मोजूनच लिहितो आहे, कारण अक्षरांवरचा रंग माझा आहे.

मी भुसावळचा, पाट्या रंगवणारा. सातवीनंतर शाळा नाही. जे येते ते बघून शिकलो. बारा वर्षांपूर्वी नाना प्रथम दुकानात आले, ते ही जर्मन अक्षरे घेऊन. एका अक्षरावरची दोन टिंबे मी जोडून टाकली होती. नानांनी ते तीनदा परत आणले. राग आला, पण चौथ्यांदा मी टिंबे मोजून काढली आणि तेव्हापासून त्यांना गुरू मानतो.

नवरा जर्मनीत कामाला असेल, तर तिकडे जाण्याआधी बायकोला तिथल्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. वाचणे, लिहिणे, बोलणे, सगळे. पहूरच्या सुनीताताईंना मराठी अक्षरेही धड लागत नव्हती. पती तिकडे हॉटेलात स्वयंपाकी. चार वर्षांची मुलगी बापाला मोबाइलवरच ओळखे, बिस्किट काचेला लावी. नाना स्वतः जुन्या पुस्तकांवरून जर्मन शिकलेले. त्यांनी ताईंना दीड वर्ष शिकवले, फी न घेता.

लेखी पेपर बरा गेला. तोंडी परीक्षेत पतीचे नाव विचारले आणि ताई गप्प झाल्या, त्या शेवटपर्यंत. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायची त्यांच्या घरी रीत नाही. थोडक्या गुणांनी नापास.

नाना रागावले नाहीत. त्यांनी सासूबाईंना वर्गात बोलावून घेतले आणि म्हणाले, ‘अक्का, आधी तुम्ही घ्या. मग तिला जड जाणार नाही.’

‘म्या बी कधी घेतलं नाही, नाना.’

शेवटी त्यांनी पदर तोंडाशी धरून वारलेल्या धन्याचे नाव घेतले. ‘सुपडू.’ मग सुनेकडे वळल्या. ‘घे वं बाई. माझ्याच पोराचं नाव आहे.’

दुसऱ्या खेपेला ताई पास झाल्या. मुलगी आता बापाच्या हातचे जेवते.

पंचाहत्तरी गाठलेल्या नानांना निरोगी शंभरी लाभो, हात असाच स्थिर राहो. वर्गात अजून सात जणी आहेत. एक गोष्ट मात्र नाना सांगू देत नाहीत, ती नोंदवतो. त्या दोन परीक्षांच्या मध्ये धुळ्याहून एक एजंट आला होता. ताईंच्या जागी तो दुसरीच बाई परीक्षेला बसवणार होता, आणि नानांनी पुढच्या सगळ्या जणी त्याच्याकडे पाठवायच्या. मीदेखील म्हणालो, नाना, पोर बापाला भेटेल, हो म्हणा. नाना म्हणाले, ‘तिथं ती पोर आजारी पडली, तर दवाखान्याचा कागद ती दुसरी बाई वाचणार आहे का?’

नानांनी नाकारले ते असे: सुनीताताईंचे काम फुकट, आणि पुढे दर बाईमागे नानांना चाळीस हजार रुपये.