कचरापेटीतली हाक

पुतणी अकोल्याला कृषी विद्यापीठात पीएचडी करते. तिची आई, म्हणजे माझी मोठी जाऊ, पोळ्यानंतर गेली. पोरीच्या जेवणाचे हाल होऊ लागले, म्हणून राजापेठेतलं घर सुनेवर टाकून मी तिच्या भाड्याच्या खोलीत राहायला आले. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करायचा आणि मधला दिवस गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं.

तिच्या लॅपटॉपमध्ये एक लांब यादी होती. प्रबंधात लिहिलेलं कुठून घेतलं, त्या पुस्तकांची आणि लेखांची. दोन ठिकाणांहून भरल्यामुळे पुष्कळ नावं दोनदा आली होती.

"काकू, तुमी तांदूळ निवडता नं, तसंच हे," ती म्हणाली. "सारख्या दोन ओळी दिसल्या का एकीवर बोट ठेवा अन् हे बटण दाबा."

"मले इंग्रजी कुठी येते वं?"

"वाचाचं नाही. सारखं दिसते का तेवढं पाहाचं. खडा काय नाव सांगून निघते का?"

मी चौथी शिकलेली. पण आकार जुळवता येत होते. कोणाशी बोलावं लागत नव्हतं, म्हणून काम आवडलं. रोज निवडत बसायची.

एका दिवशी दिवा लावायची वेळ झाली तरी मी बसलेलीच होते. त्या इंग्रजी ओळींमध्ये एक मराठी ओळ आली. जाऊचं नाव. आडनाव आधी, मतदार यादीत असतं तसं. जुन्या भाज्यांचं बी घरोघरी कसं ठेवत, हा पुतणीचा विषय. आईकडून माहिती घेतली म्हणून तिनं आईचंही नाव यादीत लिहिलं होतं. नावापुढे कागदाला लावतो तशा टाचणीचं चित्र होतं. त्यावर माझं बोट पडलं.

"धाकटे! ये नं वं इकडे!"

आवाज जाऊचा होता, पाठीमागून आल्यासारखा वाटला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ, आली."

दिवेलागणीला हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, ही आमच्या घरची रीत. तिसरी हाक आली तर माणूस. एकदाच हाक मारून थांबतं ते माणूस नसतं. मी लग्न होऊन आले तेव्हा जाऊनंच सांगितलं होतं, "पयल्या हाकेले ओ देऊ नोको. मी असली तरी नोको."

मी लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि त्या ओळीवर तेच बटण दाबलं. नाव गेलं. त्या दिवशी माझी चतुर्थी होती. चंद्र पाहून उपास सोडला.

दुसऱ्या दिवसापासून हाक येऊ लागली. लॅपटॉप मिटलेला असे, त्यावर पुतणीची ओढणी पडलेली असे. मी कणीक मळत असे, आणि टेबलाकडून यायची, "धाकटे! ये नं वं इकडे!" एकदाच. दुसरीची वाट पाहता पाहता तव्यावरची पोळी करपायची. पुतणी म्हणायची, "काकू, आज पापड केले का?" मी हसायची. तिला काही ऐकू येत नव्हतं.

असा महिना गेला. परत चतुर्थी आली. सकाळी पुतणी जेवता जेवता सांगू लागली, "मैत्रिणीनं काल आपली सगळी यादीच काढून टाकली काकू. रडून राहिली होती. म्हटलं, येडे, काढलेलं लगेच जात नाही. खाली कचरापेटीत पडून राहते, परत आणता येते. तीस दिवसांनी मात्र पेटी आपोआप साफ होते. मग देवही आणत नाही."

मी तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली.

"उद्यापासून आईचं बोलणं लिहून काढतो," ती म्हणाली. "मोबाईल तर बसमध्ये चोरीले गेला. आईचा आवाज आता यादीत तिच्या नावाले लावला तेवढाच आहे."

एका चतुर्थीपासून दुसऱ्या चतुर्थीपर्यंत किती दिवस होतात ते मला माहीत आहे. आजचाच दिवस होता. खरं सांगायला तोंड उघडलं, पण ती चप्पल घालून निघून गेली.

दिवसभर लॅपटॉपजवळ जायचं धाडस झालं नाही. उजेड जाऊ लागला तेव्हा उघडला. यादीच्या तळाला पेटीचं चित्र होतं. आत मी महिनाभर काढलेल्या ओळी पडून होत्या. जाऊही त्यांच्यातच होती. बाजूला एकाखाली एक दोन बटणं, दोन्ही इंग्रजी. एक परत आणणारं, एक कायमचं घालवणारं. कोणतं कोणतं, ते कळेना.

मग आधी एका दुबार इंग्रजी ओळीवर वरचं बटण दाबून पाहिलं. ओळ पेटीतून गेली. मोठ्या यादीत शोधली, तर तिथे परत आलेली. म्हणजे वरचं.

जाऊच्या नावावर बोट ठेवलं. पण महिनाभर एकच हाक ऐकली होती. पुढे काय आहे ते ऐकल्याशिवाय तिला घरात घ्यायची हिंमत होईना. टाचणी दाबली.

"धाकटे! ये नं वं इकडे!"

मी पदर तोंडात धरला. लॅपटॉपमधून कोंबडी ओरडली. त्यातच पुतणीही हसली.

"राखेचं तुलेच सांगता येते वं, मले नाही!"

ही जाऊची दुसरी हाक. मग आठवलं. आईचं बोलणं भरून घेतलं त्या दिवशी पुतणी मोबाईल धरून जाऊजवळ ओसरीवर बसली होती, आणि मी लाजेनं स्वयंपाकघराच्या दारामागे. शेवटपर्यंत बाहेर आलेच नव्हते.

"येतं का, का मीच येऊ तिकडे?"

ही तिसरी. मी पदर सोडला. "ओ, बाई. आली."

"हं, आली पाह्य," जाऊ म्हणाली, आणि भोपळ्याचं बी राखेत कसं चोळायचं ते सांगू लागली.

मी वरचं बटण दाबलं.

पुतणी आल्यावर सगळं सांगितलं. हाकांचं सोडून. ती रागावली, मग यादीत नाव पाहून शांत झाली. मी विचारलं, "आईचं बोलणं भरलं त्या दिवशी तिसऱ्या हाकेनंतर ओसरीवर कोण आलं होतं वं?"

"कोणीच नाही. तुमाले किती बोलावलं, तुमी कुठी आल्या?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कणीक झाकून टेबलाजवळ बसून राहिले. हाक आली नाही. त्यानंतरही आली नाही.