कावीळ सोडायचा काठ

आमच्या गावाला लोक कावीळ सोडायला येत. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता, थोरला भाऊ तिथं कामाला लागला होता. पुनावळे आणि चिंचवडच्या मधलं आमचं नदीकाठचं गाव मात्र एका म्हाताऱ्यासाठीच प्रसिद्ध होतं. सगळे त्यांना बाबा म्हणत. कसलीशी मुळी ते ताकात उगाळून पाजत. तळेगावकडची माणसं आगगाडीनं चिंचवडला उतरत आणि बैलगाडीत आडवी होऊन आमच्याकडे येत, डोळे हळदीसारखे पिवळे. बाबांचा दंडक एकच होता. औषधानं पोट सुटलं की कावीळ वाहत्या पाण्यात सोडायची, घरी परत न्यायची नाही. म्हणजे काय करायचं ते फोड करून सांगायला नको. रविवारी सकाळी काठानं माणसं ओळीनं बसलेली असत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, आमचा पाणवठा होता.

मी रोज तिथं पाणी भरायची. तरंगणारं हातानं बाजूला सारायचं, पुढं जाऊ द्यायचं, मग घागर बुडवायची. हे आम्हा मुलींना नीट शिकवलेलं होतं आणि त्याला स्वच्छता म्हणत. आजही ते आठवलं की घास गिळवत नाही.

नवी वहिनी तो काठ पाहून तिथंच ओकली. तेव्हा बायका हसल्या आणि हिला दिवस गेले असतील म्हणाल्या. ते पुढं खरंही निघालं.

एकदा भाऊ कामावरून आला तो सांगत, "कारखान्यातला डाक्टर म्हणला, पानी उकळून प्या. कावीळ पान्यातनंच येती."

आई चुलीपुढं होती. "वाहतं पानी हाय ते. आन मी दुपदरी फडक्यातनं गाळते की. उकळल्यालं पानी आजाऱ्याला देत्यात."

"आत्याबाई, माझ्यापुरतं उकळते," वहिनी म्हणाली.

"सरपान काय तुज्या माहेरनं येतंय?"

भाऊ उठून अंगणात गेला. मला दोघांचाही संताप आला, पण विचारतो कोण. आईचं ते फडकं मात्र मी रोज धूत होते. ते पिवळट, बुळबुळीत झालेलं असे आणि आई ते मोठ्या अभिमानानं वाळत घाली.

भादव्यात वहिनीला ताप आला, अन्नावरची वासना गेली, मग डोळे पिवळे झाले. तोवर सातवा सरला होता. भाऊ दवाखान्यात न्यायचं म्हणत होता. पण गावात बाबा असताना बाहेर गेलो तर लोक काय म्हणतील, म्हणून आईनं तिला त्यांच्याच ओट्यावर नेलं. त्यांनी पोटाकडं बघितलं आणि तरीही पेला पुढं केला. एवढं पोट घेऊन तिला काठावर बसवत नव्हतं. मी काखेत हात घालून धरलं होतं. शेजारी परगावची अनोळखी माणसं तेच करत होती, माश्या घोंगावत होत्या आणि ती लाजेनं रडत होती. दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली. शेवटी भावानं गाडी जुंपली. चिंचवड यायच्या आधीच ती गेली, पोटातल्या जिवासकट.

खूप वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. या काविळीचं विष माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतं आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातं. ते फडक्यानं गाळलं जात नाही, उकळल्यानं मात्र मरतं. आणि पोटुशीला या आजारात जिवाचा धोका सगळ्यांत जास्त. म्हणजे आम्ही एकमेकांची घाण पीत होतो. सभ्य शब्दांत सांगण्यासारखं यात काही नाही.

सुतक फिटल्यावर बाबा घरी भेटायला आले. देवाची मर्जी वगैरे बोलले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यांनी तो हातानंच मागं सारला.

"नदीचं आसंल तर नगं. मला सोसत न्हाई. मी मळ्यातल्या हिरीचंच पितो."

त्यांना कारण ठाऊक होतं की नुसती चव आवडत नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. मी आईकडं पाहिलं.

आईनं पदर सावरला, रिकामी कळशी घेतली आणि त्यांच्यासाठी मळ्यातल्या विहिरीकडे निघाली.