पेरूला दिलेली धमकी

आमचे नंदुरबारचे शेजारी उन्हाळ्यात झाडांना आळी करतात, पावसाळ्याआधी शेणखत घालतात आणि बाराही महिने शिव्या देतात. माझा पेरू फळत नाही म्हटल्यावर ते कुऱ्हाडच घेऊन आले. येताना रीत समजावली: त्यांनी झाडाला धमकावायचं, मी मालक म्हणून गयावया करायची.

"आज तुले कापीच टाकस," ते असे गरजले की मीच घाबरलो.

"कापा आप्पा," मी म्हणालो, "नाहीतरी कचराच फार करतो."

कुऱ्हाड वरच राहिली. मग ती बाजूला ठेवून आप्पा खाली बसले आणि मुळाशी माती ओढत पुटपुटले, "त्यानं ऐकू नको, राजा. येडा शे तो."

यंदा पेरू लगडलाय. पण फळं सगळी भिंतीपलीकडे, आप्पांच्या अंगणात.