उतू गेलेलं दूध

आज मोबाईलवर गेम खेळता खेळता माझं गॅसवरचं दूध उतू गेलं. करपल्याचा वास आला आणि मी थेट कोल्हापुरात, आमच्या लहानपणीच्या दोन खोल्यांच्या घरात जाऊन पोचले.

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तेव्हा नवा होता. कॅसेटवर फुंकर मारली की तो सुरू व्हायचा. "डोळं जातील की!" म्हणून आई आमच्यावर सारखी ओरडायची. एका संध्याकाळी मात्र बाबांनी दूधकट्ट्यावरनं, समोर धार काढून आणलेलं म्हशीचं दूध तिनं तापत ठेवलं आणि धाकट्या भावाच्या हातातला गेमचा रिमोट ओढून घेतला. "दे बघू, काय असतंय ह्यात एवढं." टीव्हीतला माणूस उडी मारायचा तेव्हा फतकल मारून बसलेली आईही जागच्या जागी उडायची.

आतून बाबा ओरडले, "अगं, दूध गेलं की सगळं!"

"जाऊ द्या की! पूल आलाय!"

दुधाचा थेंब वाया गेला तरी दिवसभर हळहळणारी आमची आई! बाबांनी गॅस बंद केला आणि तिच्यामागं येऊन, कुस्तीच्या मैदानात ओरडावं तसे ओरडायला लागले, "मार उडी! मार!"

पुन्हा तिनं रिमोट कधीच हातात घेतला नाही. घराला विसरलेली आई मी तेवढी एकदाच पाहिली.

आता ती नाही. गॅस बंद करायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. तो वास अजून थोडा येऊ दिला.